नॉर्म शॅक्टर
नॉर्म शॅक्टर (१९१४–२००४) हे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधील एक नामवंत पंच होते. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) त्यांनी १९५४ ते १९७५ असे बावीस मोसम पंचगिरी केली. त्यांचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. कारकीर्द मात्र कॅलिफोर्नियात घडली.

शॅक्टर पेशाने शिक्षक होते. त्या काळी एनएफएलचे पंच पूर्णवेळ नोकर नसत. आठवडाभर आपापला व्यवसाय सांभाळून ते रविवारी मैदानात उतरत. शॅक्टर लॉस एंजेलसच्या शाळांत मुख्याध्यापकपदापर्यंत पोहोचले. इंग्रजीची पाठ्यपुस्तकेही त्यांनी लिहिली. आपल्याकडे शालेय कबड्डी-खो-खोच्या सामन्यांत क्रीडाशिक्षकच शिट्टी हाती घेतात. तेव्हा शिक्षक आणि पंच हा संयोग मराठी वाचकास नवा वाटू नये.

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलस येथे झालेल्या पहिल्या सुपर बोलचे ते मुख्य पंच होते. दोन प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्यांची ही लढत असल्याने पंचही दोन्हींकडून निवडले होते, आणि आक्रमण करणारा संघ आपापल्या लीगचा चेंडू वापरी. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ग्रीन बे येथे उणे २५ अंश सेल्सिअस तापमानात अजिंक्यपदाचा सामना झाला. शॅक्टर यांची धातूची शिट्टी गोठून ओठांना चिकटली व ती सोडवताना कातडी निघाली. पुढचा सामना पंचांनी केवळ तोंडी आवाज देऊन चालवला.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कसोटीचा प्रसंग ८ डिसेंबर १९६८ चा. या खेळात दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघास चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नास डाउन म्हणतात. लॉस एंजेलस रॅम्स संघ शिकागो बेअर्सविरुद्ध १६–१७ असा एका गुणाने मागे होता आणि वेळ संपत आली होती. रॅम्सच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्यास अवैधरीत्या धरल्याने संघास दंड झाला. नियमानुसार तोच डाउन पुन्हा खेळवायचा होता. परंतु पंचांनी तो खर्ची धरला. रॅम्सचा एक हक्काचा प्रयत्न हिरावला गेला, सामना गेला आणि विभागीय विजेतेपदाची आशाही मावळली. मैदानात सहा पंच असून एकाच्याही ध्यानात ही चूक आली नाही, हे नवलच. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी शॅक्टरसह सहाही पंचांना उर्वरित मोसमासाठी निलंबित केले. एनएफएलमधील पहिले कृष्णवर्णीय पंच बर्ल टोलर हेही त्यांत होते. मुख्य पंच म्हणून नामुष्कीचा मोठा वाटा अर्थातच शॅक्टर यांच्याकडे आला.

तरीही लीगचा त्यांच्यावरील विश्वास टिकला. जानेवारी १९७१ मध्ये, निलंबनानंतर जेमतेम दोन वर्षांनी, पाचवा सुपर बोल त्यांच्याकडे सोपविण्यात आला. १८ जानेवारी १९७६ रोजी मायामी येथे पिट्सबर्ग स्टीलर्सने डॅलस काउबॉइजला २१–१७ असे हरवले, तो दहावा सुपर बोल हा त्यांचा अखेरचा सामना. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या पंचगिरीच्या आठवणी पुस्तकरूपाने लिहिल्या, तसेच लीगच्या नियमपुस्तिकेचे संपादनही केले. वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.