प्रार्थना सोडलेली संत



घरभेटीला गेलो की एक गोष्ट हमखास कानावर येते. दारू सुटत नाही, भावाभावांत अबोला आहे, अशा अवस्थेत देवापुढे कोणत्या तोंडाने बसायचे, म्हणून घरातली रोझरी बंद पडलेली असते. अशा वेळी मला आविलाची संत तेरेजा आठवते.

तेरेजाचा जन्म १५१५ साली स्पेनमध्ये झाला. किशोरवयात आई वारली, तेव्हा तिने पवित्र मरियेलाच आई मानले. १५३५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ती आविला येथील कार्मेल मठात दाखल झाली. पुढे ती इतकी आजारी पडली की १५३९ मध्ये मठात तिच्यासाठी कबर खोदून ठेवली होती. ती वाचली, पण जवळजवळ तीन वर्षे तिचे शरीर लुळे होते. बरे होण्याचे श्रेय तिने संत योसेफाला दिले.

खरी कसोटी बरी झाल्यावर आली. मठाच्या भेटीच्या खोलीत शहरातल्या मंडळींचा राबता असे. तेरेजा बोलकी, लाघवी. गप्पांत मन रमू लागले आणि एकांतात प्रभूसमोर बसण्याची तिला लाज वाटू लागली. तिने मननप्रार्थना सोडली, तीही वर्षभराहून अधिक काळ! आपल्यासारखीने प्रभूशी सलगी करू नये, यालाच ती नम्रता समजत होती. पुढे आत्मचरित्रात तिने हा भयंकर मोह असल्याचे कबूल केले. वरवर पाहता तिचा युक्तिवाद बिनचूक वाटतो. चूक आहे ती गृहीतकात: प्रार्थना ही चांगल्या माणसांना मिळणारी बक्षिसी आहे, हे ते गृहीतक. बरे वाटल्यावर डॉक्टरकडे जाईन, असे कोणी म्हणते का?

वडिलांना मननप्रार्थना तिनेच शिकवली होती. ते मठात येऊन त्याविषयी बोलत, तेव्हा तिला अवघडल्यासारखे होई. शेवटी आपण आता प्रार्थना करीत नाही, हे तिने सांगितले. कारण मात्र आजारपणाचे पुढे केले. त्या सरळ माणसाने विश्वास ठेवला. १५४३ मध्ये त्यांच्या अखेरच्या दुखण्यात तिने त्यांची सेवा केली. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचेच मार्गदर्शक, डोमिनिकन धर्मगुरू विसेंते बारोन, यांच्याकडे तिने पापनिवेदन केले. त्यांनी तिला पुन्हा प्रार्थनेला बसायला लावले.

ती बसली, आणि नंतर कधीच उठली नाही. पण गोडी काही लागेना. कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो इकडेच तिचे लक्ष असे. १५५४ साली, वयाच्या ३९व्या वर्षी, मठातली जखमी ख्रिस्ताची मूर्ती पाहून ती ढसाढसा रडली. तोवर तिने स्वतःला सुधारण्याचे पुष्कळ निश्चय केले होते आणि ते मोडलेही होते. आता स्वतःवरचा भरवसा सोडून तिने सारा भार प्रभूवर टाकला. १५६२ मध्ये तिने आविलातच संत योसेफाच्या नावाने नवा मठ सुरू केला. कार्मेल संघाच्या सुधारणेची ती सुरुवात होती.

१६२२ साली गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबर एकाच दिवशी तिला संतपद मिळाले. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

४ ऑक्टोबर १५८२ रोजी आल्बा दे तोर्मेस येथे तिने देह ठेवला. मृत्युशय्येवर स्तोत्रसंहितेतील ५१व्या स्तोत्रातले, पश्चात्तापी हृदयाविषयीचे चरण ती पुन्हापुन्हा म्हणत होती.