फादर स्टीफन्स यांचे पुराण

आपल्या अंधेरी-बोरिवलीकडची मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलच्या ७३ पुस्तकांचा क्रम घोकतात. मक्काबीपाशी आले, की आम्ही मोठेही अडखळतो! अशा वेळी फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

इंग्लंडमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, बहुतेक साष्टीतच राबले. तेथील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. गायला, ऐकायला काही उरले नव्हते आणि बायबल त्यांच्या भाषेत नव्हते. म्हणून फादरांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ‘पहिले पुराण’ उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत, ‘दुसरे पुराण’ प्रभू येशूचे चरित्र. त्यातून पुस्तकांची नावे पाठ होत नसत, हे खरे. पण नोहानंतर अब्राहाम, मोशेनंतर दावीद, हे गाता गाता मनात बसे.

हे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज मिळत नाही. १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, तोवर ते हस्तलिखितांत आणि गाणाऱ्यांच्या तोंडी टिकून राहिले.