स्वयंसेवकांचे डॉक्टर : ना. सु. हर्डीकर

बऱ्हाणपूरहून मेळघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर देडतलाई हे गाव लागते. तरुणपणी तेथील एका मोठ्या राजकीय सभेत मी दोन दिवसांपुरता पहारेकरी होतो. दंडावर फीत, हातात काठी, गळ्यात शिट्टी. एवढ्यानेच अंगात केवढा रुबाब संचारला होता! कोरकू वस्त्यांतून पायी आलेली माणसे दोरापलीकडे उन्हात बसली होती. सावलीसाठी पुढे सरकलेल्या एका म्हाताऱ्याच्या छातीस मी काठी लावली आणि त्याला मागे लोटले. तो काही बोलला नाही. डोक्यावरचे फडके सावरून पुन्हा उन्हात जाऊन बसला. पुढे डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांचे चरित्र वाचनात आले, आणि त्या काठीची मला प्रथम लाज वाटली.

हर्डीकरांचा जन्म धारवाडचा, ७ मे १८८९ चा. कलकत्त्यास वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले व मिशिगन विद्यापीठात शिकले. लाला लजपतराय त्या काळी अमेरिकेत हिंदी स्वराज्याचा प्रचार करीत होते. त्यांचे हे तरुण डॉक्टर उजवे हात झाले. १९२१ मध्ये ते स्वदेशी परतले. दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना अशक्य नव्हते, पण त्यांनी हुबळीस तरुणांची सेवा मंडळी उभारली.

१९२३ साली नागपुरास झेंडा सत्याग्रह झाला. हुबळीची ही मंडळी तुरुंगात गेली. माफी मागून सुटका करून घेण्याचा मार्ग मोकळा होता, पण हर्डीकरांच्या माणसांनी माफी मागितली नाही. ही शिस्त कोठून आली, याचे पुढाऱ्यांना नवल वाटले. त्याच वर्षअखेरीस काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनात अखिल भारतीय स्वयंसेवक संघटनेचा ठराव झाला व तिचा भार हर्डीकरांवर आला. हेच हिंदुस्थानी सेवा दल होय. जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले.

परंतु विरोधही घरातूनच झाला. गणवेश, कवाईत आणि हुकूम हे अहिंसेशी जुळतात काय? उद्या हे दल पुढाऱ्यांच्याच डोक्यावर बसणार नाही कशावरून? या शंका निराधार होत्या असे म्हणता येणार नाही. काठी हाती आली की माणसाचे काय होते, हे मी देडतलाईस स्वतःवरून पाहिले आहे. हर्डीकरांनी या शंकांना उत्तर दिले ते कामाने. शिबिरे भरवून त्यांनी तरुणांना गर्दी आवरण्यास आणि तिची सेवा करण्यास शिकविले. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता झेंडावंदन करण्याचा प्रघात दलाने गावोगाव पाडला.

१९२४ च्या बेळगाव अधिवेशनात या शिस्तीची कसोटी लागली. महात्माजी ज्याचे अध्यक्ष होते असे काँग्रेसचे हे एकमेव अधिवेशन. तेथे उमाबाई कुंदापूर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियाही स्वयंसेविका म्हणून राबल्या. ज्या घरांतील लेकीसुना उंबऱ्याबाहेर फारशा पडत नसत, त्या घरांना हे दृश्य नवे होते.

१९३१ मध्ये काँग्रेसने दल आपल्या ताब्यात घेतले आणि १९३२ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. स्वतः उभारलेले घर असे हातचे गेले, तरी माणूस कडवट झाला नाही. घटप्रभा येथील आरोग्यधामाच्या कामात त्यांचे वैद्यक सार्थकी लागले. स्वातंत्र्यानंतर ते राज्यसभेत बसले, १९५८ मध्ये पद्मभूषण झाले आणि २६ ऑगस्ट १९७५ रोजी निवर्तले.

सभेतील पहारेकऱ्यास भाषण धड ऐकू येत नाही. त्याची पाठ व्यासपीठाकडे असते व तोंड लोकांकडे. हर्डीकरांचे सारे आयुष्य असे लोकांकडे तोंड करून गेले. माझेही तोंड त्या दिवशी तिकडेच होते, पण मला फक्त दोर दिसत होता. त्या म्हाताऱ्याला दोराच्या आत सावलीत बसविले असते, तर सभेचे काय बिघडले असते?