सुधाकरच्या हातात पहिला पेला कसा आला? राम गणेश गडकरींनी १०० वर्षांपूर्वीच दाखवलं होतं

व्यसनावरचा कुठलाही सिनेमा आठवून बघा. हिरो पहिल्याच सीनमध्ये दारुडा नसतो. आधी काहीतरी घडतं. नोकरी जाते, अपमान होतो, घरचं कुणीतरी जातं. पटकथेची गाडी या घटनेवरच सुरू होते.

मराठीत हे काम सगळ्यात पक्कं केलं ते राम गणेश गडकरींनी, तेही नाटकात.

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील लहानपणीच गेले. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजला नाव घातलं, पण शिक्षण अर्धवट सुटलं. मग किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवायची नोकरी धरली. नाटक आतून कसं चालतं, ते इथं कळलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानलं. कविता लिहिल्या त्या ‘गोविंदाग्रज’ नावानं, विनोदी लेख ‘बाळकराम’ नावानं.

आणि लिहिलं ‘एकच प्याला’.

यातला सुधाकर हुशार वकील, पण डोक्यानं तापट आणि मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी काढून घेतली जाते. समजूत घालणारा मित्र रामलाल नेमका विलायतेला निघून गेलेला. जवळ उरतो तळीराम, त्याचाच पिणारा कारकून. अपमान विसरायला थोडी घ्या, एवढंच तो सुचवतो.

गडकरींची खरी चलाखी इथं आहे. फक्त सनद गेली म्हणून कुणी दारुडा होत नाही. मानी स्वभाव, ताजा अपमान, दूर गेलेला मित्र आणि समोर आलेला पेला हे सगळं एकाच वेळी जुळतं. पुढे सुधाकर दारू सोडतोही. पण काम मागायला गेल्यावर लोक हिणवतात. तोच जुना घाव, तोच पेला. शेवटी बायको सिंधू, लेकरू आणि तो स्वतः, कुणीच वाचत नाही.

(रामलालची भाषणं आज लांबलचक वाटतात, आणि सिंधूनं इतकं सोसायला नको होतं, असंही वाटतं. पण सनदेचा प्रसंग अजून जुना झालेला नाही.)

गडकरींना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांनी १९३९ मध्ये मास्टर विनायकांच्या ‘ब्रँडीची बाटली’ची कथा लिहिली. तिथं एका साध्या कारकुनाला औषधासाठी ब्रँडी शोधायला धाडलं जातं आणि गोंधळ सुरू होतो. बाटलीच, पण विनोदासाठी.

गडकरींना स्वतःचं हे नाटक रंगमंचावर बघता आलं नाही. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला क्षयानं ते गेले, तेव्हा वय होतं ३३. महिनाही उलटला नाही तोच, २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीनं पहिला प्रयोग केला. सुधाकर झाले गणपतराव बोडस, सिंधू झाले बालगंधर्व. पदं मात्र गडकरींची नव्हती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली.