अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'श्यामची आई' येते आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी! गुरुजींची हीच एक ओळख महाराष्ट्राने जपून ठेवली, आणि हळवे, रडके म्हणून त्यांची थोडी थट्टाही केली. पण हा माणूस मुळात शिक्षक होता. तोही तत्त्वज्ञान शिकून मग वर्गात उभा राहिलेला शिक्षक. त्यांच्या आयुष्याचा हा भाग तसा मागेच राहिला आहे. पीण्यात दिवसभर मशीनच्या आवाजात राबून संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आपल्यासारख्या आईबापांना मात्र तोच अधिक कामाचा वाटावा.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. शाळा पालगडला, मग दापोलीला. पैशाअभावी शिक्षण थांबते की काय, अशी वेळ आल्यावर औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून ते तिकडे गेले. तिथे प्लेगची साथ आली आणि परत फिरावे लागले. शेवटी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली ते मॅट्रिक झाले. त्याआधी एकच वर्ष, १९१७ मध्ये, आई गेली. शेवटच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. पुढे बी.ए. आणि तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. झाले.

उपाशीपोटी शिकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो पुढे शिक्षक झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खानदेशातले अमळनेर हे तेव्हाचे गिरणीचे गाव. प्रताप मिलचे मालक प्रताप शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. (आपल्या बंगळूरकरांसाठी एक गंमत : आज बंगळूरची म्हणून ओळखली जाणारी विप्रो कंपनी १९४५ साली याच अमळनेरात, वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झाली!) गुरुजी या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले, पण तिथल्या कोरड्या चर्चेत त्यांचे मन रमले नाही. ब्रह्म आणि माया यांचा काथ्याकूट करण्यापेक्षा समोरचे मूल त्यांना जास्त खरे वाटले असावे. जून १९२४ मध्ये ते गावातल्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली.

लवकरच त्यांच्याकडे छात्रालयाचे काम आले आणि गुरुजींचे खरे शिक्षणशास्त्र तिथे दिसले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले. खोल्या अस्ताव्यस्त, कपडे मळलेले, कंदिलाच्या काचा काजळलेल्या. रेक्टर म्हणजे छडी आणि दंड, अशीच तेव्हाची समजूत. गुरुजींनी छडी उचललीच नाही, उचलला तो झाडू. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडत, मळके कपडे धुऊन घड्या करून ठेवत, कंदील पुसत. कोणी आजारी पडले तर रात्र रात्र उशाशी बसत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती आपली कामे आपण करू लागली.

आता कोणी म्हणेल, ही तर मुलांना लाडावून ठेवण्याची रीत झाली. तसे नाही. गुरुजींना काम झालेले हवेच होते. फक्त ते भीतीपोटी होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह. मूल हे भरायचे मडके नाही, ते पूर्ण माणूस आहे आणि त्याला माणूस म्हणूनच वागवायचे, हा तो विचार. युरोपातल्या पंडितांनी याला मानवतावाद म्हटले. गुरुजींनी त्यावर प्रबंध लिहिला नाही, मुलांचे सदरे धुतले. आपल्याकडे आयटीआयमधून नवीन पोरगा येतो, पहिल्याच आठवड्यात जॉब स्क्रॅप करतो, आणि सुपरवायझर सगळ्या शॉपफ्लोअरसमोर त्याची अब्रू काढतो. पोरगा त्यानंतर चूक करायची थांबत नाही, लपवायला मात्र शिकतो. हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना असेल.

छात्रालयातल्या मुलांसाठी गुरुजी रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, गोष्टी, असे सगळे त्यात असे. एका माणसाने रोज वर्तमानपत्र लिहायचे, तेही शाळा सांभाळून! यातूनच १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघाले. पाठ्यपुस्तकाबाहेरचे जग वर्गात आणायचा हा खटाटोप होता.

शिक्षक म्हणून त्यांनी जेमतेम सहा वर्षे काढली. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. मग तुरुंगांची मालिकाच सुरू झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, पण ते पाहायला गुरुजी नव्हते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तुरुंग मात्र त्रिचनापल्लीचा. १९३० मध्ये तिथे त्यांच्याभोवती दक्षिणेतले सत्याग्रही होते. सगळे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, पण एकमेकांची भाषा कळत नव्हती. ही गोष्ट गुरुजींच्या मनाला लागली. त्यांनी तमिळची ओळख करून घेतली आणि पुढे तिरुवल्लुवरांचा 'कुरल' मराठीत आणला. 'आंतरभारती'ची कल्पना इथली. प्रत्येक प्रांतातल्या माणसाने शेजारच्या प्रांताची भाषा, साहित्य, कला शिकावी आणि त्यासाठी एक संस्था असावी, असे त्यांचे स्वप्न होते. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ते मांडले.

आपल्या मुलांना शाळेत कन्नड शिकावी लागते याबद्दल आपल्यातच थोडी कुरकूर ऐकू येते. गुरुजी असते तर त्यांनी आधी स्वतः कन्नडचे पुस्तक उघडले असते, असे मला वाटते. आणि मराठी वाचता न येणाऱ्या आपल्या मुलांसाठी हाताने लिहून एखादे दैनिकही काढले असते!

मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी गावोगावची मंदिरे आणि विहिरी खुल्या करून घेतल्या होत्या. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि विठोबाचे दार उघडले. छात्रालयात मुलांची जात न पाहणारा माणूस देवळाच्या दाराशी ती कशी चालवून घेईल!

गांधीजींच्या हत्येने मात्र ते आतून खचले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. आपल्या पुतणीला लिहिलेली पत्रे याच काळातली. पुढे ती 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. आंतरभारतीसाठी निधी जमवण्याची धडपडही चालू होती. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास.

'साधना' पुण्याहून आजही निघते. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. तिथे भारतीय भाषांमधल्या अनुवादाचे काम चालते. गावी जाताना मुंबई-गोवा रस्त्याने निघालात, तर माणगावला वाट थोडी वाकडी करून मुलांना तिथे जरूर घेऊन जा.