पॉल एर्लिक आणि रक्तातील कोडे

पोलंडमधील स्ट्झेलिन हे गाव पूर्वी प्रशियाच्या राज्यात होते. तेथे १४ मार्च १८५४ रोजी एका ज्यू कुटुंबात पॉल एर्लिक यांचा जन्म झाला. कार्ल वायगर्ट नावाचे त्यांचे एक नातलग सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावयाच्या पेशींना रंग देत असत. त्यांच्यामुळे एर्लिक यांनाही रंगांचे वेड लागले. वैद्यकाचा अभ्यास करीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की एखादा रंग एका प्रकारच्या पेशींनाच चढतो, शेजारच्या पेशींना तो स्पर्शही करीत नाही. रंग जर असा नेमका आपले ठिकाण शोधतो, तर रोग्याला अपाय न करता केवळ जंतूंना गाठणारे औषध का सापडू नये? हा विचार त्यांनी जन्मभर उराशी बाळगला.

इ. स. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधून काढले. ते जंतू रंगविण्याची अधिक चांगली रीत एर्लिक यांनी त्याच वर्षी तयार केली. परंतु पुढे त्याच रोगाने त्यांना गाठले! हवापालटासाठी त्यांना इजिप्तला जावे लागले. सुदैवाने ते बरे होऊन परतले आणि पुन्हा कामाला लागले.

त्या काळी घटसर्पाने असंख्य बालके दगावत. या रोगावर प्रतिविष सापडले होते, पण त्याची शक्ती कधी कमी तर कधी अधिक भरे. ती अचूक मोजण्याची रीत एर्लिक यांनी शोधली. त्यामुळे औषधाची योग्य मात्रा देणे शक्य झाले.

यानंतर त्यांचे लक्ष रक्ताकडे वळले. परक्या पेशी शरीरात शिरल्या, की रक्तात प्रतिपिंड नावाची द्रव्ये तयार होतात व त्या पेशींना चिकटतात. परंतु पेशी फोडण्यासाठी रक्तातील आणखी एका द्रव्याचे साहाय्य लागते, असे बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांनी दाखविले होते. एर्लिक यांनी त्याला पूरक हे नाव दिले.

इ. स. १९०० च्या सुमारास एर्लिक यांनी काही शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. टोचलेल्या शेळीच्या रक्तात परक्या रक्तपेशी फोडण्याची शक्ती आली, परंतु तिच्या स्वतःच्या पेशी सुरक्षित राहिल्या. हे कसे घडले? शरीरापाशी आत्मनाश टाळण्याची काही युक्ती असली पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले. ती युक्ती मात्र त्यांना सापडली नाही.

इ. स. १९०८ मध्ये त्यांना मेचनिकॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्या साहाय्याने त्यांनी उपदंश या भयंकर रोगावर ६०६ क्रमांकाचे औषध सिद्ध केले. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे कोडे मात्र मागे राहिले. इ. स. १९७५ मध्ये केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन व गेऑर्ग कोहलर यांनी एकाच पेशीच्या वंशातून अगदी एकसारखे प्रतिपिंड मिळविण्याची रीत शोधली. यांना मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. ते एका ठरलेल्या जागीच चिकटतात. त्यांच्या साहाय्याने इ. स. १९८० नंतरच्या दशकात माणसाच्या पेशींवरील सीडी५९ हे प्रथिन ओळखता आले. प्रतिपिंड चिकटवून हे प्रथिन झाकून टाकले, तेव्हा पूरकाने माणसाच्याच तांबड्या रक्तपेशी फोडल्या. याचा अर्थ उघड झाला. हे प्रथिन म्हणजे पेशीची ढाल होय. पेशीच्या कवचाला भोक पाडणारी पूरकाची अखेरची क्रिया ते रोखून धरते. एर्लिक यांच्या कोड्याचे हे एक उत्तर होते.

काही रोग्यांच्या रक्तपेशींवर ही ढाल नसते व त्यामुळे त्या पेशी फुटत राहतात. पूरकाला आवरणारा एक मोनोक्लोनल प्रतिपिंड इ. स. २००७ पासून अशा रोग्यांना औषध म्हणून मिळू लागला. नेमके ठिकाण गाठणाऱ्या औषधाचे एर्लिक यांचे स्वप्न अशा रीतीनेही साकार झाले.

शास्त्रज्ञाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्या हयातीत मिळतेच असे नाही. परंतु योग्य प्रश्न विचारणे हीदेखील मोठी सेवा आहे. पुढची पिढी तेथूनच वाट चालू लागते.