डॉ. आनंदीबाई जोशी : घरचं न सोडता स्वतःची वाट



कळव्याहून लोकल पकडली की अर्ध्या तासात आपण आनंदीबाईंच्या माहेरगावी, कल्याणला पोहोचतो. मुलांना 'पहिली महिला डॉक्टर' एवढंच पाठ असतं. पण त्यांच्या चरित्रात एक प्रश्न आहे. माणसाने स्वतःच्या मनाने चालावं की समाजाच्या?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. बायकोने शिकलंच पाहिजे हा हट्ट त्यांचा होता आणि त्यापायी ते मारतही. म्हणजे सुरुवातीला शिक्षण ही आनंदीबाईंची निवड नव्हतीच, हे मुलांपासून लपवू नये.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. त्या काळी आपल्याकडे स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच आणि बायका पुरुष डॉक्टरांना दुखणं सांगायला लाजायच्या. डॉक्टर होण्याची इच्छा मात्र इथून त्यांची स्वतःची झाली.

१८८३ मध्ये, समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणाऱ्या समाजात, त्या अमेरिकेला निघाल्या. जाण्याआधी बंगालमधल्या सेरामपूर इथे सभेत उभं राहून त्यांनी आपला निर्णय समजावून सांगितला. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे त्यांनी जाहीर केलं. फिलाडेल्फियात शिकताना साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. पदवीच्या प्रबंधासाठी विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा घेतला. मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचे वडील परवा म्हणाले, पुढची शाळा लांब आहे, लोक काय म्हणतील? मी त्यांना आनंदीबाईंची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

देशाची संस्कृती नुसती जपून टिकत नाही. तिच्यातच राहून कुणीतरी एक पाऊल पुढे टाकावं लागतं. ते पाऊल उद्या सगळ्यांची वाट होतं.

तुमच्या वर्गात, घरात हा प्रश्न जरूर विचारा : आनंदीबाईंनी काय सोडलं आणि काय धरून ठेवलं? मुलांची उत्तरं ऐका, आपणही शिकू.